वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : लिनक्सवर आयपी आणि डीएनएस हाताने मांडताना

या वेळच्या टपालात लिनक्सवरील नेटवर्कविषयीची पत्रे इतकी आहेत की प्रिंटर आणि मराठी टंकांबद्दलचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागले आहेत. पत्रे वेगवेगळ्या गावांची असली तरी निम्म्याहून अधिक पत्रांतले दुखणे एकच आहे: सेटिंग केले, काही वेळ चालले आणि नंतर आपोआप पुसले गेले. त्यामुळे पहिले उत्तर सविस्तर दिले असून पुढची काही उत्तरे त्यावर विसंबून आहेत. नवख्यांसाठी एवढेच की आयपी म्हणजे नेटवर्कवरील यंत्राचा आकडी पत्ता, डीएनएस म्हणजे नावावरून तो पत्ता शोधून देणारी व्यवस्था आणि ते काम करणारा सर्व्हर म्हणजे नेमसर्व्हर. एक सूचना आधीच करून ठेवतो. कमांड आणि फाइलींची नावे येथे देवनागरीत छापली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टंकायची आहेत. ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ या फाइलच्या नावात ‘रिझॉल्व्ह’चा शेवटचा ‘ई’ मुळातच नाही. तो घातल्यास वेगळीच फाइल तयार होते आणि संगणक तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेच्या संगणक कक्षात डेबियन बसवलेले संगणक आहेत. डीएनएससाठी मी ‘इटीसी’ फोल्डरमधील ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ फाइलमध्ये नेमसर्व्हरची ओळ लिहितो. फरक लगेच पडतो, पण दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला की ओळ नाहीशी झालेली असते. एका मित्राने ‘सीएच-अ‍ॅटर’ कमांडने फाइलला कुलूप घालायला सांगितले आहे. घालावे का?
— एक शिक्षक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : घालू नये. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि वरवर पाहता तो चालतोही. मात्र कुलूप घातल्यावर जो प्रोग्राम ती फाइल लिहितो तो तसाच चालू राहतो, दर वेळी लिहायचा प्रयत्न करतो आणि अपयशाची नोंद लॉगमध्ये टाकत राहतो. आपली बदली झाल्यानंतर त्या कक्षाचा ताबा घेणाऱ्या शिक्षकाला, रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार असूनही फाइल बदलत का नाही, हे कोडे सोडवत बसावे लागेल. शिवाय ती फाइल ही खरी फाइल नसून दुसरीकडे बोट दाखवणारी सिम्बॉलिक लिंक असेल, तर ‘सीएच-अ‍ॅटर’ चूक झाल्याचा संदेश देऊन थांबते आणि कुलूप बसतच नाही.

पूर्वी ही फाइल माणसाने लिहायची आणि संगणकाने वाचायची, असा सरळ व्यवहार होता. आता लॅपटॉप घरच्या वायफायवरून कार्यालयाच्या केबलवर आणि तेथून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जातो, दर ठिकाणी डीएनएसचे पत्ते बदलतात, आणि म्हणून ती फाइल लिहिण्याचे काम एखाद्या प्रोग्रामकडे दिलेले असते. राउटरकडून डीएचसीपीने, म्हणजे यंत्रांना आपोआप पत्ते वाटण्याच्या पद्धतीने, जे पत्ते येतात, ते तो प्रोग्राम फाइलमध्ये उतरवतो आणि आपण हाताने लिहिलेली ओळ त्या भरात पुसली जाते. तेव्हा काय लिहावे याचा विचार करण्याआधी या फाइलचा धनी कोण आहे, ते शोधावे आणि जे सांगायचे ते त्या धन्याला सांगावे.

धनी शोधणे अवघड नाही. ‘एलएस’ कमांडला ‘एल’चा पर्याय जोडून फाइलची नोंद पाहावी. नावापुढे बाण असून तो ‘रन’ फोल्डरमधील ‘सिस्टमडी’च्या ‘रिझॉल्व्ह’ फोल्डरकडे जात असेल, तर कारभार ‘सिस्टमडी-रिझॉल्व्हडी’कडे आहे. उबुंटूवर हेच चित्र दिसते आणि फाइलमध्ये १२७.०.०.५३ हा पत्ता आढळतो, जो बाहेरच्या कोणत्याही सर्व्हरचा नसून त्याच संगणकात बसलेल्या या प्रोग्रामचा आहे. बाण नसेल, तर फाइलची पहिली ओळ वाचावी. फाइल आपण तयार केली आहे, असे ‘नेटवर्कमॅनेजर’ तेथे स्वतःच लिहून ठेवतो. आपण वर्णन केलेल्या लक्षणांवरून, आणि कक्षात डेस्कटॉप असणार हे गृहीत धरून, आपल्याकडे तोच असावा.

तसे असेल तर ‘एनएमसीएलआय कनेक्शन शो’ ही कमांड द्यावी. जोडण्यांची नावे दिसतील. केबलच्या जोडणीचे नाव बहुधा ‘वायर्ड कनेक्शन १’ असे असते. त्या जोडणीवर ‘कनेक्शन मॉडिफाय’ वापरून ‘आयपीव्ही४ डॉट डीएनएस’ या गुणधर्मात हवे ते पत्ते लिहावेत, आणि त्याच वेळी ‘आयपीव्ही४ डॉट इग्नोअर-ऑटो-डीएनएस’ हा गुणधर्म ‘येस’ करावा. हा दुसरा भाग बहुतेक जण विसरतात आणि मग राउटरने दिलेले पत्ते आपल्या पत्त्यांच्या जोडीला येऊन बसतात. नंतर ‘कनेक्शन अप’ देऊन जोडणी पुन्हा उभी करावी, कारण तोवर बदल फक्त कागदावर असतो. ग्नोम डेस्कटॉपवर हेच काम सेटिंग्जमधील नेटवर्कच्या पानावर, दातेरी चाकाच्या खुणेवर क्लिक करून, आयपीव्ही४च्या खणात होते. तेथे डीएनएससमोर असलेले ‘ऑटोमॅटिक’चे बटण बंद करायला विसरू नये.

कक्षातील एखादा संगणक डेस्कटॉपविना सर्व्हर म्हणून चालत असेल, तर त्याची गोष्ट वेगळी आहे. तेथे डेबियनची जुनी पद्धत, म्हणजे ‘इटीसी’च्या ‘नेटवर्क’ फोल्डरमधील ‘इंटरफेसेस’ ही फाइल, बहुधा कामावर असते. तीत नेटवर्क कार्डाचे नाव, ‘स्टॅटिक’ (हाताने दिलेला, न बदलणारा पत्ता) हा शब्द, पत्ता आणि गेटवे (बाहेर नेणाऱ्या राउटरचा पत्ता) लिहितात. कार्डाचे नाव मनाने लिहू नये, ‘आयपी लिंक’ या कमांडने पाहावे. पूर्वीसारखे ‘ईटीएच-शून्य’ आता सहसा सापडत नाही, ‘ईएनपी३एस०’ अशा वळणाची नावे दिसतात आणि त्यातून कार्ड कोणत्या बसवर आणि कोणत्या स्लॉटमध्ये आहे ते कळते. याच फाइलमध्ये ‘डीएनएस-नेमसर्व्हर्स’ अशी ओळ लिहिण्याचा सल्ला सर्वत्र छापलेला असतो, पण ‘रिझॉल्व्हकॉन्फ’ नावाचे पॅकेज बसवलेले नसेल, तर त्या ओळीचा काडीचाही परिणाम होत नाही आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. ते पॅकेज नसेल, पत्ता स्टॅटिक असेल आणि वर सांगितलेले दोन्ही प्रोग्राम नसतील, तर फाइलला धनीच उरत नाही. तेव्हा आपण जसे लिहीत आहात तसे हाताने खुशाल लिहावे, ते टिकते.

डेस्कटॉप असलेल्या डेबियनवर ‘इंटरफेसेस’ फाइलमध्ये एखाद्या कार्डाचे नाव लिहिले, की नेटवर्कमॅनेजर त्या कार्डावरून आपला हात काढून घेतो आणि ते ‘अनमॅनेज्ड’ दाखवतो. दोन्हीकडे थोडे थोडे लिहून ठेवणाऱ्यांचा गोंधळ येथूनच सुरू होतो. एका कार्डासाठी एकच पद्धत ठेवावी. सी-डॅकची ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवरच बेतलेली असल्याने ती वापरणाऱ्या शाळांनाही तपासाची हीच दिशा उपयोगी पडेल.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयातील संगणकांना मी स्टॅटिक आयपी पत्ते दिले आहेत. सकाळी सगळे ठीक असते. दुपारी वाचकांची वर्दळ वाढली की एखाद्या संगणकाचे इंटरनेट मध्येच जाते, मग आपोआप येते. केबल बदलून पाहिली, फरक नाही.
— ग्रंथालयाचे कार्यवाह, सांगली जिल्हा

उत्तर : केबलचा दोष नसावा. वाचक वाढले की वायफायला जोडलेले मोबाइलही वाढतात आणि राउटर त्यांना पत्ते वाटू लागतो. आपण संगणकांना दिलेले पत्ते राउटरच्या वाटपाच्या पट्ट्यात येत असतील, तर तोच पत्ता एखाद्या वाचकाच्या मोबाइललाही मिळतो. एका पत्त्यावर दोन यंत्रे आली की राउटर कधी एकाला उत्तर पाठवतो, कधी दुसऱ्याला, आणि मोबाइल घेऊन वाचक घरी गेला की संगणक पूर्ववत चालतो. आपली लक्षणे याच्याशी तंतोतंत जुळतात.

राउटरच्या व्यवस्थापनाच्या पानावर डीएचसीपीचा पट्टा पाहावा. समजा तो १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.२०० असा आहे. मग संगणकांना १९२.१६८.१.२१ पासून पुढचे पत्ते द्यावेत. पट्टा राउटरने सगळाच्या सगळा व्यापलेला असेल, तर आधी तो आखडून घ्यावा. सबनेट मास्क, म्हणजे पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा, २५५.२५५.२५५.० असताना यंत्रांना देण्याजोगे पत्ते २५४ असतात, तेव्हा जागेची टंचाई होण्याचे कारण नाही. गेटवे म्हणून राउटरचा पत्ता लिहायचा, आणि तो संगणकाच्या पत्त्याशी पहिल्या तीन आकड्यांत जुळलाच पाहिजे. राउटर १९२.१६८.०.१ वर आणि संगणक १९२.१६८.१.२१ वर, अशी मांडणी केलेली पत्रे दर महिन्याला येतात.

पत्ता मोकळा आहे का, हे ‘पिंग’ करून ठरवू नये. त्या पत्त्याचे यंत्र त्या वेळी बंद असू शकते, किंवा चालू असूनही फायरवॉलमुळे गप्प बसू शकते. ‘आर्पिंग’ ही कमांड मोठ्या ‘डी’च्या पर्यायासह चालवल्यास चालू असलेले यंत्र फायरवॉल असूनही सहसा सापडते. खरे तर दहा-बारा संगणकांसाठी प्रत्येक ठिकाणी हाताने पत्ता लिहिण्यापेक्षा राउटरवरच त्या त्या कार्डाच्या मॅक पत्त्यासाठी, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकासाठी, आयपी राखून ठेवणे मला अधिक पसंत आहे, कारण मग सगळा हिशेब एकाच पानावर राहतो. हाताने पत्ता द्यावा तो राउटर, सर्व्हर आणि फार तर प्रिंटर यांना.

प्रश्न : आमच्या कार्यालयात हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी एक सर्व्हर आहे. त्याचे नाव आमच्या अंतर्गत डीएनएस सर्व्हरवर नोंदलेले आहे आणि ते ‘डॉट लोकल’ने संपते. सर्व उबुंटू संगणकांवर मी पहिला नेमसर्व्हर अंतर्गत आणि दुसरा, अडीअडचणीला म्हणून, गूगलचा ८.८.८.८ असा लिहिला आहे. तरी काही संगणकांवर सर्व्हर सापडत नाही, आणि ज्यांवर सापडत नाही त्यांवर ‘डिग’ या डीएनएस तपासणाऱ्या कमांडने विचारले तर उत्तर बरोबर येते. हे कसे?
— एक कर सल्लागार, कोल्हापूर

उत्तर : येथे दोन वेगळी दुखणी एकमेकांत मिसळली आहेत.

दुसरा नेमसर्व्हर म्हणजे पहिल्याला नाव ठाऊक नसेल तेव्हा विचारायचा सर्व्हर, अशी समजूत जवळजवळ सर्वांची असते आणि ती चुकीची आहे. ‘असे नाव अस्तित्वात नाही’ हेही डीएनएसच्या दृष्टीने पूर्ण आणि अंतिम उत्तर असते. लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’मधील पत्त्यांना क्रमाने विचारते, तीनपेक्षा जास्त पत्ते असल्यास पुढचे सोडून देते, आणि पहिल्याकडून काहीच उत्तर आले नाही तरच दुसऱ्याकडे वळते. त्यासाठी ती ठरावीक ५ सेकंद थांबते. प्रत्येक संकेतस्थळ उघडण्याआधी संगणक पाचच सेकंद थबकतो आणि मग पान झरझर येते, असे दिसले की पहिला नेमसर्व्हर मेलेला आहे, हे बिनदिक्कत समजावे.

उबुंटूवर मात्र मध्ये ‘सिस्टमडी-रिझॉल्व्हडी’ असतो आणि त्याचे वागणे आणखी वेगळे आहे. दिलेले सगळे सर्व्हर तो सारख्याच योग्यतेचे मानतो. एकाने दगा दिला की दुसऱ्याकडे जातो, आणि तो नीट चालत असला तर पहिल्याकडे परत यायची घाई करत नाही. म्हणजे सकाळी आपला अंतर्गत सर्व्हर दोन मिनिटे बंद पडला, तर काही संगणक ८.८.८.८ कडे सरकतात आणि दिवसभर तिथेच राहतात. गूगलच्या त्या सर्व्हरला कोल्हापुरातील कार्यालयाच्या हिशेबाच्या यंत्राची माहिती असण्याचे कारण नाही. तो ‘नाव नाही’ म्हणून मोकळा होतो. तेव्हा संगणकावर लिहिलेल्या सर्व नेमसर्व्हरांनी सारखेच उत्तर दिले पाहिजे. आपण संगणकांवर फक्त अंतर्गत सर्व्हर ठेवावा आणि बाहेरच्या नावांसाठी ८.८.८.८ ला विचारण्याचे काम त्या अंतर्गत सर्व्हरवरच सोपवावे. तो बंद पडण्याची धास्ती असेल, तर ‘डीएनएसमास्क’ हा छोटा डीएनएस सर्व्हर प्रोग्राम चालवणारे एखादे जुने यंत्र दुसरा अंतर्गत सर्व्हर म्हणून उभे करता येते. संगणक त्या घडीला कोणाला विचारत आहे, ते ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’मध्ये ‘करंट डीएनएस सर्व्हर’च्या ओळीत दिसते.

दुसरे दुखणे ‘डॉट लोकल’चे आहे. हा शेवट २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ६७६२ या मानकाने मल्टिकास्ट डीएनएससाठी, म्हणजे सर्व्हरविना एकमेकांना हाक मारून शोधणाऱ्या प्रिंटरसारख्या यंत्रांसाठी, राखून ठेवलेला आहे. ‘इटीसी’मधील ‘एनएसस्विच डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये ‘होस्ट्स’ने सुरू होणारी ओळ पाहावी. नाव शोधताना आधी ‘होस्ट्स’ फाइल, मग मल्टिकास्ट आणि शेवटी डीएनएस असा क्रम तेथे बहुधा दिसेल, आणि मल्टिकास्टच्या शब्दापुढे चौकटी कंसात, सापडले नाही तर येथूनच परत फिरा, अशी आज्ञा असेल. त्यामुळे ‘डॉट लोकल’चे नाव अनेकदा आपल्या डीएनएस सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. ‘डिग’ला या फाइलशी देणेघेणे नसते. ती विचारणा थेट डीएनएसकडेच पाठवते, म्हणून तिचे उत्तर बरोबर येते आणि माणूस चक्रावतो. तपासणीसाठी ‘डिग’ऐवजी ‘गेटएन्ट होस्ट्स’ वापरावी, कारण बहुतेक प्रोग्राम ज्या वाटेने नाव शोधतात त्याच वाटेने ती जाते.

‘एनएसस्विच’मधील क्रम बदलून वेळ मारून नेता येते, परंतु मग तो बदल प्रत्येक संगणकावर आणि प्रत्येक नव्या इन्स्टॉलेशननंतर करत बसावे लागते. नावाचा शेवटच बदलणे श्रेयस्कर. २०२४ मध्ये आयकॅन या संस्थेने ‘डॉट इंटर्नल’ हा शेवट खासगी नेटवर्कसाठी कायमचा राखून ठेवला आहे. आपल्या कामाला तो चपखल आहे. हा बदल पदरात पडेपर्यंत सर्व्हरचे नाव आणि पत्ता प्रत्येक संगणकाच्या ‘होस्ट्स’ फाइलमध्ये लिहून काम चालवावे. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला त्याआधी सगळे नेटवर्क अशाच एका फाइलवर चालत असे आणि तिची मूळ प्रत कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असे. पाच-सहा संगणकांसाठी ती युक्ती आजही पुरेशी आहे.

प्रश्न : भाड्याने घेतलेल्या उबुंटू सर्व्हरवर ‘नेटप्लॅन’ या नेटवर्क मांडणाऱ्या साधनाच्या फाइलमध्ये पत्ता बदलला आणि त्या क्षणी एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हर चालवण्याची जोडणी, तुटले. पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ‘नेटप्लॅन अप्लाय’ न देता ‘नेटप्लॅन ट्राय’ द्यावे. ते नवी मांडणी लागू करते आणि १२० सेकंदांत आपण एन्टर दाबून संमती दिली नाही, तर जुनी मांडणी परत आणते. जोडणी तुटली असेल तर एन्टर दाबताच येत नाही, आणि तेच आपल्या पथ्यावर पडते. फाइलमध्ये समास सोडताना स्पेस वापरावी, टॅब चालत नाही. आणि जुन्या लेखांत आढळणारे ‘गेटवे४’ न लिहिता ‘राउट्स’खाली ‘डिफॉल्ट’चा मार्ग लिहावा.

भाड्याच्या सर्व्हरवर आणखी एक पाहावे. ‘नेटप्लॅन’ फोल्डरमधील फाइलच्या नावात ‘क्लाउड-इनिट’ (भाड्याच्या सर्व्हरची मांडणी आपोआप लिहिणारा प्रोग्राम) असेल, तर तिचा धनी आपण नव्हे. फाइलच्या माथ्यावर तशी इंग्रजी टीपही असते, पण ती वाचली जात नाही. ‘क्लाउड’ फोल्डरच्या ‘क्लाउड डॉट सीएफजी डॉट डी’मध्ये नेटवर्कचे ‘कॉन्फिग’ ‘डिसेबल्ड’ आहे, अशी एक छोटी फाइल आधी ठेवावी, आणि मगच आपली मांडणी लिहावी. सेवा देणाऱ्या कंपनीच्या पानावरून उघडणारा कन्सोल चालतो ना, याची खातरजमा बदल करण्याआधी केलेली बरी.

प्रश्न : मुलांच्या लिनक्स मिंट संगणकावर अश्लील संकेतस्थळे अडवण्यासाठी क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ हा पत्ता डीएनएस म्हणून लिहिला. राउटरचे पत्तेही बंद केले. तरीही काही स्थळे उघडतात.
— एक पालक, नाशिक

उत्तर : आपण बंद केले ते आयपीव्ही४चे पत्ते. आज आपल्याकडील बहुतेक मोठ्या जोडण्यांवर आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी, लांब पद्धत, हीही चालू असते, आणि राउटर आपल्या घोषणांमधून त्या मार्गाचे डीएनएस पत्ते वेगळे वाटतो. ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’मध्ये अपूर्णविरामांनी भरलेले लांबलचक पत्ते दिसले, तर गळती तेथे आहे. जोडणीच्या आयपीव्ही६च्या खणातही ‘ऑटोमॅटिक’ डीएनएस बंद करून त्याच सेवेचे आयपीव्ही६ पत्ते लिहावेत.

तेवढ्याने भागले नाही, तर ब्राउझर पाहावा. फायरफॉक्स आणि क्रोम यांना संगणकाचे डीएनएस बाजूला ठेवून, एन्क्रिप्ट केलेल्या एचटीटीपीएस जोडणीतून, आपल्या पसंतीच्या सर्व्हरला परस्पर विचारता येते. फायरफॉक्समध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’च्या पानाच्या तळाशी ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’चा विभाग आहे, तो ‘ऑफ’ करावा, किंवा त्यातच गाळणी असलेली सेवा निवडावी.

मुलाकडे संगणकाचा अ‍ॅडमिन पासवर्ड असेल, तर यातले काहीही तो दोन मिनिटांत पालटू शकतो. त्याचे खाते साधे ठेवावे. शक्य असल्यास १.१.१.३ हा पत्ता राउटरवरच लिहावा, म्हणजे घरातील मोबाइल आणि टीव्हीही त्याच्या कक्षेत येतील. इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरवर डीएनएसचा रकाना बंद ठेवलेला असेल, तर त्याच्यामागे आपला स्वतःचा राउटर जोडून घरातील सर्व यंत्रे त्यावर घ्यावीत आणि कंपनीच्या राउटरचे वायफाय बंद करावे.